आठ सेकंदांची तालीम

६ डिसेंबर २०१५. रायपूरमध्ये सायन्स कॉलेजच्या परिसरात असलेल्या सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियमवर वर्ल्ड लीग फायनलचा कांस्यपदकाचा सामना सुरू होता. समोर नेदरलँड्स. म्हणजे २०१२च्या लंडन ऑलिंपिकचं आणि २०१४च्या विश्वचषकाचं रौप्य जिंकलेला संघ. भारताची या स्पर्धेतली साखळी फेरी अगदीच निराशाजनक गेली होती. अर्जेंटिनाकडून हार, जर्मनीशी बरोबरी आणि याच नेदरलँड्सकडून पुन्हा हार. मग उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनला हरवून संघ सावरला, पण उपांत्य फेरीत बेल्जियमने एका गोलाने रोखलं. कांस्यपदकाच्या सामन्यातही भारत आधी दोन गोलांनी मागे पडला, मग भराभर गोल करत पुढे गेला आणि सामना संपता संपता नेदरलँड्सने ५-५ अशी बरोबरी साधली.

हातात आलेला विजय असा शेवटच्या क्षणी निसटला की भलेभले संघ खचतात. पण पुढच्या काही मिनिटांत झालेल्या शूटआऊटमध्ये भारत ३-२ असा जिंकला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश त्या संध्याकाळचा नायक ठरला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या मोठ्या स्पर्धेत भारताला ३३ वर्षांनी पदक मिळालं, आणि ते रायपूरच्या लोकांनी डोळ्यांसमोर पाहिलं.

हॉकीतलं शूटआऊट फुटबॉलच्या पेनल्टीहून वेगळं. आक्रमक २३ मीटरच्या रेषेवर चेंडू घेऊन उभा राहतो, गोलरक्षक गोलरेषेवर. शिट्टी वाजली की आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात चेंडू घेऊन पुढे जायचं, गोलरक्षकाला चकवायचं आणि गोल करायचा. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू, तरीही बरोबरी राहिली तर सडन डेथ. साठ मिनिटं अकरा जण मिळून खेळलेला खेळ अचानक दोघांचा होतो. धावायला अंतर थोडं, तंत्र रोजच्या सरावातलं. नवीन असते ती फक्त एक गोष्ट : सगळं स्टेडियम आपल्याकडेच बघतंय ही जाणीव.

श्रीजेशचीच कारकीर्द घेतली तरी या आठ सेकंदांचा लहरीपणा दिसतो. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धची अंतिम लढत भारताने शूटआऊटमध्येच जिंकली. पुढच्या वर्षी रायपूर. पण २०१६मध्ये लंडनला आणि २०१८मध्ये ब्रेडाला, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या दोन्ही अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियाने शूटआऊटमध्ये ३-१ असं हरवलं. त्याच २०१८मध्ये जकार्तात मलेशियाने सडन डेथमध्ये आशियाई सुवर्णाची वाट अडवली. गोलरक्षक तोच, खेळाडूही बरेचसे तेच. अशा निकालांना आपण सर्रास ‘नशीब’ म्हणतो, नाहीतर हरलेल्यांना ‘छातीच नव्हती’ असं म्हणून मोकळे होतो. दोन्ही उत्तरं आळशी आहेत, आणि दुसरं तर अन्यायकारकसुद्धा. दडपणाखाली कौशल्य का ढासळतं याचा बराच नीट अभ्यास झालेला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्यांना अडथळ्यांमधून चेंडू काढत न्यायला सांगितलं. एकदा, पायाच्या कोणत्या बाजूने चेंडूला स्पर्श होतोय याकडे लक्ष ठेवून. एकदा, भलत्याच कामात लक्ष गुंतवून. नवशिके पायाकडे लक्ष दिल्यावर बरे खेळले. मुरलेल्या खेळाडूंचं मात्र उलट झालं : सरावाच्या पायाकडे लक्ष देताच ते मंदावले. त्यांनाच सवय नसलेल्या पायाने खेळायला लावलं, तेव्हा लक्ष देण्याचा पुन्हा फायदा झाला.

म्हणजे हजारो वेळा केलेली हालचाल शरीराच्या स्वाधीन झालेली असते. रोजचा जिना आपण न बघता उतरतो. पाऊल कुठे पडतंय हे तपासत उतरू लागलो, तर तिथेच अडखळतो. दडपण नेमकं हेच करतं. ‘चुकता कामा नये’ या काळजीने खेळाडू आपल्याच मनगटावर पहारा बसवतो. जो जास्त प्रामाणिक, ज्याला देशाची, प्रशिक्षकाची, घरच्यांची जास्त चिंता, त्याचा पहारा जास्त कडक. म्हणून ऐन वेळी ढेपाळणाऱ्याला भित्रा म्हणणं चूक आहे. बहुतेकदा त्याला त्या सामन्याची फार मनापासून पर्वा असते.

शरीरही यात भाग घेतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात, नजर भिरभिरते. धावपटूला किंवा पहिलवानाला यातलं थोडंफार उपयोगी पडेल. नेमबाजाला ते घातक आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये, २००८ साली, उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं काढून घेण्यात आली, कारण त्याच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं. हे ठोके मंदावणारं, हाताचा कंप कमी करणारं साधं हृदयविकाराचं औषध. ताकद वाढवणाऱ्या औषधांबद्दल आपण नेहमी ऐकतो. इथे मात्र शांतपणाच बाटलीतून मिळवल्याची शिक्षा झाली. ऑलिंपिकच्या पातळीवर शांत राहण्याची किंमत केवढी असते, हे यावरून कळावं.

मग ही शांतता प्रामाणिकपणे कमवायची कशी? ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं सांगून ती येत नाही, हे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डच संशोधक राऊल औडेयान्स आणि पायपर्स यांनी २००९मध्ये वेगळी दिशा दाखवली. एका प्रयोगात त्यांनी डार्ट फेकणाऱ्यांना चढाईच्या भिंतीवर उंच ठिकाणी उभं करून सराव दिला, तर दुसऱ्या गटाला जमिनीलगत. दुसऱ्या प्रयोगात बास्केटबॉल खेळाडूंनी फ्री थ्रोचा सराव थोड्या दडपणाखाली केला. सौम्य भीती वाटत असताना ज्यांनी सराव केला होता, त्यांची कामगिरी खऱ्या दडपणाखाली टिकून राहिली. त्यांची भीती गेली नव्हती. भीतीसकट खेळायची त्यांना सवय झाली होती.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मानसिक तयारी म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्रीचं स्फूर्तिदायक भाषण अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात ती ड्रॅग फ्लिकसारखीच घोटून घोटून बसवायची गोष्ट आहे, आणि तिची जागा सभागृहात कमी, मैदानावर जास्त आहे.

भारतीय हॉकीला हे पटायला एक मोठा धक्का लागला. २२ जानेवारी २०२३ रोजी भुवनेश्वरच्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध भारत ३-१ असा पुढे होता. सामना ३-३ वर आला, शूटआऊट सडन डेथमध्ये गेलं, श्रीजेश मध्येच जखमी होऊन बाहेर पडला आणि भारताचं आव्हान संपलं. मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी, संघाला मानसिक तयारीसाठी वेगळा प्रशिक्षक हवा, असं उघडपणे सांगितलं आणि काही दिवसांत पद सोडलं. त्याच वर्षी नवे मुख्य प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या कारकिर्दीत पॅडी अप्टन संघासोबत आले. हे तेच दक्षिण आफ्रिकी अप्टन, जे गॅरी कर्स्टन यांच्याबरोबर २०११चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत होते आणि पुढे बुद्धिबळात डी. गुकेशच्या तयारीतही सहभागी झाले. पॅरिस ऑलिंपिकच्या आधी हॉकी संघाला स्वित्झर्लंडमध्ये साहसवीर माइक हॉर्न यांच्याकडे शिबिरासाठीही नेण्यात आलं.

४ ऑगस्ट २०२४. पॅरिस, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. अमित रोहिदासला सतराव्या मिनिटालाच लाल कार्ड मिळालं, आणि भारत चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनिशी खेळला. १-१ अशी बरोबरी, मग पुन्हा शूटआऊट. हरमनप्रीत, सुखजीत, ललित आणि राजकुमार पाल या चौघांनीही गोल केले, श्रीजेशने फिल रोपरला अडवलं, भारत ४-२ जिंकला. चार दिवसांनी स्पेनला हरवून कांस्य मिळालं आणि श्रीजेश निवृत्त झाला. या विजयाचं श्रेय एकट्या अप्टनना किंवा एखाद्या शिबिराला देता येणार नाही. खेळात असा सरळ हिशेब नसतो, आणि श्रीजेशची दहा वर्षांची जमाखर्चाची वही त्याच्या हातमोज्यांत होतीच. पण लाल कार्डानंतर संघ विस्कटला नाही. भुवनेश्वरच्या तुलनेत हा बदल कुणालाही दिसण्यासारखा होता.

महाराष्ट्रात हे काम कितीतरी आधी, फारसा गाजावाजा न होता सुरू झालं होतं. नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस दलातले वरिष्ठ अधिकारी आणि स्वतः नेमबाज. निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ क्रीडा मानसशास्त्राकडे वळले. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत अनेकांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. परदेशी सिद्धान्त त्यांनी वाचले होते, पण त्यांची मांडणी योगशास्त्रातून येई : श्वासावर लक्ष, शरीर सैल सोडणं, डोळे मिटून संपूर्ण कामगिरी मनात घडवून पाहणं, स्वतःला द्यायच्या सूचना ठरवून घेणं. त्यामुळे गावाकडून आलेल्या मुलालाही ते परकं वाटत नसे. २००० साली सिडनीत अंजली भागवतने ऑलिंपिक नेमबाजीची अंतिम फेरी गाठली. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला नेमबाज. मे २०१७मध्ये बाम गेले. त्यांनी मराठीत लिहून ठेवलेलं आजही प्रशिक्षकांनी वाचावं असं आहे.

पॅरिसमध्येच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा याच परंपरेचा पुढचा टप्पा दिसला. पात्रता फेरीत सातवा आलेला स्वप्नील अंतिम फेरीच्या सुरुवातीलाही मागेच होता. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून, असा हा खेळ. उभ्या स्थितीत रायफल सर्वात जास्त डोलते आणि एकेक नेमबाज बाद होत जातो. नेमका तिथेच तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. गुणफलकाकडे न बघता तो आपल्या श्वासाकडे आणि पुढच्या गोळीकडे लक्ष देत राहिला. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी ज्याला ‘शांत नजर’ म्हटलं, म्हणजे कृतीआधी लक्ष्यावर स्थिरावलेली लांब, न हलणारी नजर, ती नेमबाजीत स्पष्ट दिसते. नवोदितांपेक्षा कसलेल्या खेळाडूंची ही नजर जास्त वेळ स्थिर राहते, आणि ती सरावाने वाढवताही येते.

प्रश्न उरतो तो ही विद्या पोचते कुठवर, याचा. रायपूर ज्या राज्यात आहे, त्या छत्तीसगडची हॉकी जुनी आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि एक रौप्य मिळवणारे लेस्ली क्लॉडियस बिलासपूरचे. राजनांदगाव तर हॉकीची नर्सरी म्हणूनच ओळखलं जातं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळलेली रेणुका यादव तिथलीच. दुर्गच्या सबा अंजुमने भारतीय संघाचं नेतृत्व केलं. या गावांतल्या मुलामुलींना मानसिक प्रशिक्षक भेटायचा तर आधी राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचावं लागतं. तिथे पोचण्याआधीच निवड चाचणीत, शालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, घरच्यांनी पहिल्यांदा सामना बघायला यावं त्या दिवशी कितीतरी जण गळतात. त्यांच्यावर ‘मॅच टेम्परामेंट नाही’ असा शिक्का बसतो आणि विषय मिटतो. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच ते जास्त सलतं.

कारण यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, सगळ्यांना कडेला उभं करून एकेकाला शूटआऊटसाठी बोलवायचं. घड्याळ लावून आठ सेकंद, एकच संधी, चुकलं तर सगळ्या गटाला एक फेरी जास्त. शिट्टीआधी प्रत्येकाचा ठरलेला क्रम हवा : दोन सावकाश श्वास, गोलरक्षकाच्या पायांकडे एक नजर, मनात एकच शब्द. चुकलेल्यावर ओरडण्याऐवजी त्याला विचारायचं की धाव घेताना डोक्यात काय चाललं होतं, आणि ते वहीत लिहून घ्यायचं. शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात हे दोन दिवस शिकवता येईल. रायपूरच्या त्याच निळ्या टर्फवर जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना बोलावून ही सुरुवात करणं राज्याला सहज शक्य आहे.