पदवीनंतरचा पहिला कागद

ज्याच्यापाशी स्वतःची पदवी नाही अशा माणसाने पदवीधरांना मार्गदर्शन करावे, ह्यात थोडी गंमत आहे हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. आमचे शालेय शिक्षण दहावीशी थांबले. पुढचे जे झाले ते कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु त्या कचेरीच्या बाकावर येऊन बसणाऱ्यांत अलीकडे पदवीधर पुष्कळ दिसतात. त्यांच्या हातांतील कागद वाचता वाचता जे कळले, तेच येथे मांडावयाचे आहे.

नोकरी कोणती धरावी, ह्याचा सल्ला देणारे घरोघर भेटतात. ती धरताना काय वाचावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. एका वाणिज्य पदवीधराची हकिगत सांगतो. एका मोठ्या आस्थापनेत तो चार वर्षे हिशेबाचे काम करीत होता. टेबल तेच, साहेब तोच. पण दरवर्षी ठेकेदार बदले आणि ह्याची नोकरी नव्याने सुरू होई. काम सुटले तेव्हा तो अनुभवाचा दाखला मागावयास गेला. आस्थापनेने सांगितले, तुम्ही आमचे नव्हेच. ठेकेदाराने सांगितले, आमच्याकडे तुमचे अकराच महिने. चार वर्षे राबणे खरे, पण ते कोणासाठी, हे दाखविणारा कागद एकही नाही. आम्हांलाही त्याला फारसे काही मिळवून देता आले नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की नोकरी कोणाची? नियुक्तिपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, मुदत किती, काम कोणते, सोडावयाची झाल्यास नोटीस किती दिवसांची, हे सहीपूर्वी वाचावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. तेव्हा कागद मागणे हा उद्धटपणा नव्हे. मूळ प्रमाणपत्रे मात्र दाखवावीत आणि परत घरी आणावीत.

दुसरा प्रश्न पगाराचा. हल्ली पगार सांगत नाहीत, पॅकेज सांगतात. समजा, पॅकेज वर्षाला ३,००,००० रुपयांचे आहे आणि त्यात मूळ वेतन १,५०,०००. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा शेकडा १२, म्हणजे १८,००० रुपये, बहुधा ह्याच आकड्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी. महिना २६ दिवसांचा धरून ती सुमारे ७,२०० रुपये होते. तीही त्यातच. शिवाय तुमचा स्वतःचा १८,००० रुपयांचा वाटा कापला जातो. महिन्याला पंचवीस हजार येतील असे समजून खोली भाड्याने घेणाऱ्याच्या हाती येतात सुमारे एकवीस हजार चारशे. त्यांतूनही व्यवसाय कर आणि इतर कपाती जातात.

निधीचा पैसा बुडाला असे नव्हे, तो तुमचाच आहे. पण तो खात्यात खरोखर जमा होतो का, हे पाहणारा तरुण विरळा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. तो घ्यावा आणि दर महिन्याला पासबुक पाहावे. ग्रॅच्युइटीचे मात्र वेगळे आहे. कायम नोकरीत ती सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेनंतर लागू होते; तीन वर्षांत सोडणाऱ्याच्या बाबतीत तो आकडा पॅकेजच्या कागदावरच राहतो. मुदतीच्या नोकरीत नव्या संहितेने ही अट एका वर्षावर आणली आहे. म्हणूनच मुदत वाचावयाची.

तिसरा प्रश्न, येथे शिकावयास काय मिळेल? आमच्या मते पहिल्या दोन वर्षांत हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण हात आणि डोके रिकामे राहता कामा नयेत. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा पूर्वी मुख्यतः कारखान्यातील कसबांपुरता होता. १९७३ साली त्यात अभियंते आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य वगैरे शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. हा मार्ग चांगला आहे. मात्र कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे; त्याला विद्यावेतन मिळते, पगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असेही नाही. करार नोंदविलेला आहे का हे पाहावे, आणि आठवड्याला काय शिकलो ते वहीत टिपून ठेवावे. चार आठवडे वही कोरी राहिली, तर शिक्षणाच्या नावाखाली केवळ राबवून घेतले जात आहे असे समजावे.

पुष्कळ तरुण आम्हांला म्हणतात, “काका, मी कामगार नाही, एक्झिक्युटिव्ह आहे.” आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही. पगारपत्रक पुढे ठेवण्यास सांगतो आणि दोघे मिळून वाचतो. पदवीने वाचावयास शिकविलेलेच आहे. पालकांनीही ‘आधी सही कर, मग बघू’ अशी घाई करू नये. सहीपूर्वी एक रात्र तो कागद घरी आणावा आणि चौघांनी बसून वाचावा. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तेवढे विचारावे.