ब्रेकमधील हवा काढण्याचे दाब-उपकरण : निवड व वापर

टोमॅटो, कांदा, भाजीपाला व दूध यांच्या वाहतुकीसाठी आता अनेक शेतकऱ्यांच्या दारात स्वतःची पिकअप गाडी उभी असते. जुन्नर-ओतूरकडील माल माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो, तर नाशिककडील माल कसारा घाट उतरून मुंबईची वाट धरतो. बाजार पहाटेचा असल्याने हा प्रवास बहुधा रात्रीचाच असतो. गाडीचे इंजिन, टायर व पाटे यांकडे मालकाचे लक्ष असते. परंतु ब्रेकच्या तेलाकडे, पेडल पायाखाली मऊ लागेपर्यंत, सहसा कोणी पाहत नाही. घाटाच्या उतारावर ही उणीव प्रथमच लक्षात यावी, यासारखे दुर्दैव नाही. ब्रेकचे तेल वेळेवर बदलणे व त्यातील हवा काढणे हे काम योग्य उपकरण असल्यास घरच्या घरी, एकट्या माणसालाही करता येते. अशा दाब-उपकरणाची निवड व वापर यांविषयी आवश्यक ती माहिती येथे दिली आहे.

हवा व पाणी यांचा उपद्रव

पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो आणि तो नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, या पास्कलच्या नियमावर ही सर्व रचना उभी आहे. द्रव दाबल्याने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पुरेपूर जातो. हवा मात्र आकसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा बराच जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते.

दुसरा शत्रू पाणी. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळी व दमट प्रदेशात हे अधिक लवकर घडते. डॉट ३ या प्रतीचे कोरे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ प्रतीचे हेच आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत.

हे आकडे केवळ पुस्तकी नव्हेत. मालासह ३ टन वजनाची गाडी ६०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली, तर जी उष्णता निर्माण होते ती ३० अंश उष्णतामानाच्या सुमारे ६० लिटर पाण्याला आधण आणण्यास पुरेशी असते. इतकी उष्णता चाकांपाशी साठल्यावर ओलावा धरलेले तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. घाटमाथ्यावर उत्तम चालणारे ब्रेक घाटाच्या मध्यावर नाहीसे होतात, ते या कारणाने.

प्रथम दोष ओळखावा

प्रत्येक बिघाड हवेमुळेच होतो असे नाही. पेडल मऊ लागते व भराभर दाबल्यास वर येते, तेव्हा बहुधा हवा धरलेली असते. पेडल खाली जाते, परंतु तेथे घट्ट लागते, तेव्हा मागील ड्रममधील शू झिजलेले वा ढिले असण्याचा संभव असतो. ते आधी जुळवून घ्यावेत. पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू खाली सरकत गेले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरे निकामी झाली आहेत असे समजावे. हा शेवटचा दोष हवा काढून जाणार नाही. त्यास मिस्त्रीच हवा.

तीन पद्धती

जुनी पद्धत दोन माणसांची. एकाने पेडल दाबावयाचे, दुसऱ्याने चाकाजवळ निपल उघडावयाचे. “दाब” आणि “सोड” या हाकांवर सर्व काम चालते. हाक चुकली, की काढलेली हवा पुन्हा आत येते. शिवाय जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबल्याने मास्टर सिलिंडरमधील रबरे एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात.

दुसरी पद्धत निपलपाशी तेल ओढून घेण्याची. तीत निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते व नळीत बुडबुडे दिसत राहतात. ते आतले की बाहेरचे, हे कळत नाही.

तिसरी पद्धत दाब-उपकरणाची. यात तेलाच्या भांड्यावर वरून सौम्य दाब दिला जातो, त्यामुळे नवे तेल अखंड धारेने चाकाकडे वाहते. पेडलवर दुसरे माणूस लागत नाही आणि मास्टर सिलिंडरची रबरेही सुरक्षित राहतात.

उपकरण निवडताना

दाब-उपकरण म्हणजे हातपंप बसविलेली दोन-चार लिटरची टाकी, दाबमापक, नळी व गाडीच्या तेलभांड्यावर बसणारे झाकण. खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) झाकण आपल्याच गाडीच्या भांड्यावर घट्ट बसले पाहिजे. उपकरणाच्या बहुतेक तक्रारी येथूनच निघतात. आट्यांचे झाकण मिळाल्यास तेच घ्यावे. साखळीने आवळून बसविण्याची सपाट पट्टी अनेक गाड्यांना चालते, पण ती कडेने गळण्याचा संभव अधिक असतो.

(२) दाबमापक कमी दाबाचा असावा. आपल्याला १० ते १५ पौंडांचे काम आहे. १०० पौंडांच्या मापकावर इतका अल्प दाब नीट वाचता येत नाही. दाब अधिक झाल्यास सोडून देणारी झडप असल्यास उत्तम.

(३) नळी व रबरे ब्रेक ऑइलला टिकणारी असावीत.

(४) काही उपकरणे सुट्या चाकातील हवेवर चालतात. त्या चाकाची हवा आधी २० पौंड किंवा उपकरणासोबतच्या पत्रकात सांगितली असेल तितकी उतरवावी लागते. भारवाहू गाडीच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट दाब असतो. तो तसाच जोडल्यास तेलाचे प्लॅस्टिकचे भांडे फुटून तेल डोळ्यांत उडू शकते.

येथे एक स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. घरातील फवारणीच्या जुन्या पंपापासून असे उपकरण बनविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि, औषध फवारलेला पंप या कामी कदापि वापरू नये. कितीही धुतला तरी त्यात औषधाचा व पाण्याचा अंश राहतो. त्यातील वायसर ब्रेक ऑइलने फुगू शकतात, आणि हातपंपाने ४० पौंडांपर्यंत दाब सहज चढतो. थोडक्या पैशांची ही बचत सर्व ब्रेकच्या रबरांचा नाश करू शकते.

कामाची रीत

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी व इंजिन बंद ठेवावे. पिकअप गाडी पुरेशी उंच असल्याने शक्यतो ती चाकांवरच राहू द्यावी. अनेक भारवाहू गाड्यांत मागील आसाजवळ भारानुसार दाब कमी-अधिक करणारी झडप असते. आस लोंबकळत राहिल्यास ती तेलाची वाट आखडून धरते व मागची हवा निघत नाही. चाक काढणे भागच पडल्यास गाडी घोड्यांवर टेकवावी व आसाखाली आधार द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

तेल कोणते हवे ते भांड्याच्या झाकणावर वा माहिती-पुस्तकात लिहिलेले असते. सीलबंद डबाच आणावा. महिनोन् महिने अर्धवट उघडा राहिलेला डबा ओलावा धरतो. इंजिन ऑइल, डिझेल अथवा रॉकेल यांचा थेंबही आत जाऊ देऊ नये.

भांड्याचे झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. जुने काळपट तेल कोऱ्या पिचकारीने बरेचसे काढून नवे भरावे. मात्र भांडे पूर्ण रिकामे होऊ देऊ नये. आता उपकरणाचे झाकण बसवून टाकीत तेल न घालता १० पौंड दाब द्यावा आणि दोन-तीन मिनिटे मापक पाहावा. काटा उतरल्यास झाकण पुन्हा बसवावे. या कोरड्या चाचणीत चूक निघाली तर हवाच जाते. तेल भरल्यावर निघाली तर तेल गाडीच्या रंगावर सांडते व रंग उतरतो. सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

चाचणी समाधानकारक झाल्यावर दाब सोडून टाकीत सुमारे एक लिटर तेल भरावे व १० ते १५ पौंड दाब द्यावा. निपल साफ करून त्यावर आधी रिंग पाना व मग पारदर्शक नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या तेलात बुडालेले असावे. निपल पाव ते अर्धा फेरा उघडावे. प्रथम काळे तेल, मग बुडबुडे व शेवटी स्वच्छ तेल येईल. बुडबुडे थांबून धार स्वच्छ झाली म्हणजे निपल बंद करावे. ते नाजूक असल्याने फार आवळू नये.

उजवीकडे चालकाची जागा असलेल्या गाडीत सामान्यतः मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे व पुढील उजवे असा क्रम असतो. माहिती-पुस्तकात निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. टाकीतील तेल व मापकाचा काटा यांवर सतत नजर असावी. तेल संपून नळीत हवा शिरली, तर सर्व श्रम पुन्हा करावे लागतात.

शेवटी टाकीतील दाब पूर्णपणे सोडावा व नंतरच झाकण काढावे. दाब असताना झाकण उघडल्यास तेल तोंडावर उडते. म्हणून चष्मा व हातमोजे वापरावेत. भांड्यातील तेल वरच्या खुणेपर्यंत ठेवावे. काढलेले तेल पुन्हा वापरू नये. ते विषारी असल्याने बंद डब्यात मुलांपासून दूर ठेवावे व वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यास द्यावे. विहीर, ओढा वा शेत यांत ते ओतू नये.

काम पुरे झाले असे केव्हा समजावे?

उपकरणाचा दाब अवघा १५ पौंडांचा असतो. पायाने ब्रेक दाबताच नळ्यांत त्याच्या अनेक पट दाब निर्माण होतो. त्यामुळे उपकरण लावले असता न दिसलेली गळती नंतर दिसू शकते. यास्तव इंजिन बंद असताना पेडल जोराने दाबून एक मिनिट धरावे. नंतर इंजिन सुरू करून तसेच करावे. या वेळी पेडल किंचित खाली जाऊन स्थिर राहिले पाहिजे. त्यानंतर प्रत्येक निपल व सांधा तपासावा. मग रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागी बैलगाडीच्या चालीने नेऊन ब्रेक लावून पाहावा. पेडल घट्ट लागले तरच गाडी रस्त्यावर न्यावी.

पेडल तरीही मऊ राहिल्यास, अथवा चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेत शिरल्यास, काम जाणत्या कार्यशाळेकडे सोपवावे. अशा यंत्रणेची हवा काढण्यास बहुधा निराळे विद्युत्-उपकरण लागते. येथे सांगितलेली रीत पिकअप व जीप गाड्यांसाठी आहे. काही ट्रॅक्टरांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. त्यात गाडीचे ब्रेक ऑइल घातल्यास रबरे खराब होतात.

माहिती-पुस्तकात सांगितलेल्या मुदतीस, आणि तशी सूचना नसल्यास दर दोन वर्षांनी, तेल बदलावे. हंगामाचा माल निघण्यापूर्वीचा मोकळा दिवस या कामास सोयीचा. मात्र उत्तम ब्रेक असले तरी उतारावर गाडी लहान गिअरमध्येच ठेवावी. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आणि पेडलविषयी मनात तिळमात्र शंका असेल, तर त्या रात्री माल भरू नये. एका दिवसाचा बाजार चुकला तर तो पुढे भरून काढता येतो. घाटात गेलेला जीव परत येत नाही.