हिरवे शहर आणि बॉण्डवरचा प्लॉट

वाटूर फाट्यावरून जालन्याची वाट धरली की पुढचा मुक्काम छत्रपती संभाजीनगर. परतूर-मंठ्याकडची कितीतरी घरे याच रस्त्याने गेली आणि तिकडचीच झाली. कुणी वाळूजच्या कंपनीत लागले, कुणी पोरांच्या शिक्षणापायी गेले, कुणी दुष्काळाला कंटाळून. गावाकडचे एक-दोन एकर विकून शहराच्या कडेला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला म्हणजे जिंकले, असा साधा हिशोब. म्हणून ‘शहराचे हरित नियोजन’ हा विषय साहेबलोकांचा, असे म्हणून वाटूरकराला सुटता येत नाही. शहर कुठल्या अंगाने फुगणार हे नकाशापेक्षा अशा प्लॉटांच्या सौद्यांनीच जास्त ठरवले आहे. या विषयावर पारावर आणि सभांत ज्या समजुती सर्रास ऐकू येतात, त्या तपासून पाहण्यासारख्या आहेत.

गैरसमज : ‘आशियातले सर्वांत झपाट्याने वाढणारे शहर’ हा मोठा बहुमान आहे

ही बिरुदावली संभाजीनगरकर १९८० च्या दशकापासून मिरवत आले. वाढ खरीच होती. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा भोवतालची १८ गावे एकदम शहरात आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो उद्योग आले. जनगणनेत शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ५ लाख ७३ हजार, २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार भरली. वीस वर्षांत दुप्पट.

पण कारखान्याला जमीन देताना कामगाराच्या घराचा विचार त्याच वेगाने झाला नाही. सिडकोने वसाहती उभारल्या, त्या नीट आखलेल्या होत्या, आजही त्या भागात फिरताना फरक कळतो. बाकीच्यांनी काय करायचे? त्यांनी शेतकऱ्याकडून गुंठा-अर्धा गुंठा विकत घेतला. नुसता वेग म्हणजे विकास नव्हे. रस्ता, नळ, ड्रेनेज आणि बस या चार गोष्टी घराच्या आधी पोचल्या की मागून, यावर वाढीची प्रत ठरते.

गैरसमज : गुंठेवारीचा आणि पर्यावरणाचा काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात जास्त संबंध इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गुंठेवारी म्हणजे रेखांकन मंजूर न करता, जमीन अकृषिक न करता शेताचे तुकडे पाडून विकणे. व्यवहार बहुतेक वेळा बॉण्ड पेपरवर, म्हणजे सातबारावर नाव नाही. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, सातारा-देवळाई परिसर... शहरात अशा शंभराहून अधिक वसाहती आहेत. तिथे राहणारे लोक चोर नाहीत. त्यांना परवडणारा दुसरा प्लॉट कुणी दिलाच नव्हता.

आता हिशोब पाहा. मंजूर रेखांकनात ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकरापेक्षा मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. गुंठेवारीत विकणारा ती कशाला सोडेल? एकराचे चाळीस गुंठे, तो चाळीसच्या चाळीस विकायला बघतो. रस्त्यालाही नाइलाजाने दहा-बारा फूट सोडतो. तिथे झाड लावायला जागा नाही, पाणी मुरायला माती नाही, ड्रेनेजची लाइन टाकायला रुंदी नाही, आणि अग्निशमनचा बंब वळत नाही. पुढची तीस वर्षे महापालिका या चुकीची भरपाई करत बसते. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. नियमित झाले म्हणजे कागद मिळतो, कर्ज मिळते. बागेची जागा मात्र नव्याने निर्माण होत नाही.

‘हिरवे शहर म्हणजे बैठी घरे आणि अंगण’ ही समजूतही याच्याच शेजारची. सिंगापूरचे उदाहरण आपल्याकडे झाडांसाठी देतात. तिथले साधारण ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात, हे कुणी सांगत नाही. माणसे दाटीने पण नीट राहिली म्हणून तिथे जमीन झाडांसाठी उरली.

गैरसमज : विकास आराखड्यात बाग दाखवली म्हणजे बाग होणार

नकाशावरचा हिरवा ठिपका बघून लोक शेजारचा फ्लॅट दोन लाख जास्त देऊन घेतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधले कलम १२७ त्यांनी वाचलेले नसते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने ती जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे; त्याची जमीन फुकट किती वर्षे अडकवून ठेवणार? पण पालिकेच्या तिजोरीत संपादनाचे पैसे नसले की मैदाने आणि बागा अशा एकेक करून निसटतात. संभाजीनगरचा सुधारित आराखडा तर न्यायालयाच्या फेऱ्यात वर्षानुवर्षे अडकून पडला. तेवढ्या काळात प्लॉटिंग कुणासाठी थांबले नाही.

गैरसमज : जायकवाडीत पाणी नाही म्हणून शहर तहानलेले आहे

जायकवाडी धरणाचा, म्हणजे नाथसागराचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७७ टीएमसी. शहराची लोकसंख्या १५ लाख धरली आणि माणशी रोज १३५ लिटर दिले, तर वर्षाला साधारण ७४ दशलक्ष घनमीटर लागतात. उपयुक्त साठ्याच्या साडेतीन टक्क्यांच्या आत. तरीही धरण काठोकाठ भरलेले असताना इथल्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी आले आहे. दुखणे धरणात कमी आणि पाइपात जास्त आहे. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्या, गळती, अपुरे जलकुंभ आणि फसलेली कंत्राटे. ‘समांतर’ जलवाहिनी योजनेचे खासगी कंत्राट २०१६ मध्ये रद्द झाले. २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. या योजनेची मुख्य वाहिनी २,५०० मिलिमीटर व्यासाची आहे.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. धरणाची पूर्ण जलपातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. शहर सरासरी ५६८ मीटर उंचीवर. म्हणजे शहर पिते त्यातला थेंब न् थेंब शंभर मीटरपेक्षा जास्त वर चढवावा लागतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला पंपाची कार्यक्षमता धरून अंदाजे ०.४ युनिट वीज लागते. पाइप फुटून रस्त्यावर वाहणारे पाणी म्हणजे कोळसा जाळून वर आणलेले पाणी आहे. पन्नास हजार रोपे लावल्याची जाहिरात करण्यापेक्षा गळती निम्मी केली, तर मी त्या महापालिकेला जास्त हिरवी म्हणेन.

मग लोक मलिक अंबरकडे वळतात. ‘त्याच्या नहरी पुन्हा सुरू करा, प्रश्न मिटला.’ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवताना त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूजल भूमिगत नहरींतून, केवळ उताराच्या जोरावर गावात खेळवले. वीज नाही, पंप नाही. पाणचक्की आजही त्याच जातीच्या व्यवस्थेची साक्ष देते. पण त्या नहरी त्या काळच्या गावासाठी होत्या, पंधरा लाखांसाठी नव्हत्या. त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळेच: ज्या डोंगरपायथ्यावर पाणी मुरते, तिथे बांधकाम होऊ द्यायचे नाही. नेमके तिथेच आज प्लॉटिंगचे फलक दिसतात.

छतावरच्या पाण्याबद्दलही असाच अतिउत्साह आहे. वीस बाय तीसच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरला, तरी सुमारे ३१ हजार लिटर होतात. पाच माणसांच्या घराला ते दीड महिना पुरतील. दीड महिना म्हणजे कमी नाही, उन्हाळ्यातले कितीतरी टँकर वाचतात. पण बाकीचे साडेदहा महिने उरतातच.

गैरसमज : नदीकाठी फरशा, दिवे आणि बाक बसवले की नदी सुधारली

शहरातून वाहणाऱ्या खाम नदीवर २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक कंपनी यांनी मिळून काम केले. कचरा उपसला, लोखंडी पुलाजवळचा काठ बसण्याजोगा झाला. काम चांगलेच आहे. मात्र काठ सुधारणे ही पहिली पायरी. सोलच्या चंगेचन ओढ्याचे कौतुक जगभर होते. उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये तो मोकळा केला. पण त्यात वाहणारे बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेले आहे. आपल्याला असले चोचले परवडणार नाहीत. आपली नदी जिवंत व्हायची तर तिच्यात पडणारे ड्रेनेज आधी वळवावे लागेल. कांचनवाडी, झाल्टा इथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत. पण केंद्र बांधले म्हणून घाण आपल्या पायांनी तिथे चालत जात नाही. वसाहतीत लाइनच नसेल तर ती नाल्यातून नदीतच जाणार. पुन्हा गुंठेवारी आलीच.

खाम पुढे गोदावरीच्या, म्हणजे नाथसागराच्या पाण्यात मिसळते, आणि शहर तेच पाणी उपसून पिते. शहराच्या पूर्वेकडची सुखना नदी दुधनेच्या खोऱ्यात उतरते. दुधना परतूर तालुक्यातून वाहते, हे वाटूरकराला सांगायला नको. चिकलठाण्याच्या नाल्याचा उतार आपल्या बाजूला आहे.

गैरसमज : शहराचा कचरा हा शहराचा प्रश्न

नारेगाव-मांडकीच्या लोकांना विचारा. वर्षानुवर्षे साऱ्या शहराचा कचरा त्यांच्या शिवारात, विहिरींच्या आणि श्वासाच्या जिवावर पडत राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर कचऱ्याखाली दबले. रस्तोरस्ती ढीग, धूर, दुर्गंधी. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तर तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. एवढे झाल्यावर ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आणि प्रक्रिया केंद्रांची गाडी पुढे सरकली. माझे मत स्पष्ट आहे: त्या वर्षी शहराला हिरवे व्हायला एखाद्या सल्लागार कंपनीने नव्हे, खेड्यांनी भाग पाडले.

गैरसमज : उड्डाणपूल झाले की प्रदूषण घटते, आणि आता ऑरिक आहेच

जालना रोडवर उड्डाणपूल झाले, वाहने त्याहून जास्त झाली. केंद्राच्या निकषांनुसार उत्तम सेवेसाठी लाख लोकांमागे ६० बस हव्यात. २०१९ च्या सुमारास ‘माझी स्मार्ट बस’ सुरू झाली ती १०० बसवर; पंधरा लाखांच्या हिशोबाने लाखामागे सहा-सात. वाळूजच्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार मग हप्त्यावर दुचाकी घेतो, दुसरे काय करणार?

ऑरिकचे थोडक्यात सांगतो. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांची ही औद्योगिक नगरी. सप्टेंबर २०१९ मध्ये शेंद्र्याचा भाग देशाला अर्पण झाला. साठ टक्के जमीन उद्योगाला आणि चाळीस टक्के घरे, दुकाने, शाळा व इतर सोयींना, सगळ्या वाहिन्या जमिनीखाली, कामाच्या जवळ घर, असा तिचा आराखडा आहे आणि कागदावर तो उत्तम आहे. पण ती जुन्या शहराचा एक नळही दुरुस्त करणार नाही. तिथल्या कारखान्यात बारा-पंधरा हजारांवर लागणाऱ्या पोराला आराखड्यातले घर परवडले नाही, तर तो शेजारच्या गावात बॉण्डवर प्लॉट घेईल आणि १९८५ नंतरची वाळूजची गोष्ट बिडकीनला पुन्हा घडेल. परवडणारी, मंजूर, बसच्या वाटेवरची घरे आधी बांधणे हेच खरे हरित नियोजन. बाकी रोपे पावसाळ्यात लावता येतात.

तेव्हा वाटूर-परतूरकडून शहरात जागा घ्यायला निघालेल्यांना एक सांगणे. विसार देण्यापूर्वी तीन कागद मागा: अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन आणि विकास आराखड्यातला झोन दाखला. मोकळी जागा रेखांकनात कुठे आहे ते बोट ठेवून विचारा आणि जागेवर जाऊन बघा. ‘नंतर गुंठेवारीत नियमित होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले, तर पैसे खिशातच ठेवा.