फिरते चित्रप्रदर्शन : सुरतेचा धडा

अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाशाने चित्र उमटविण्याची कला बरीच जुनी आहे. हॉलंडचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ साली जादूच्या दिव्याची रचना केली. पुढे येशूसंघीय धर्मगुरू आथानासियुस किर्खर यांनी आपल्या प्रकाशविषयक ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत या दिव्याचे सचित्र वर्णन छापले. आमच्या कल्याण गावी महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास याच तत्त्वावर 'शांबरिक खरोलिका' उभी केली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे एकापाठोपाठ पडद्यावर येत आणि त्यांबरोबर कथा सांगितली जाई. पटवर्धन मंडळींनी हा खेळ गावोगाव नेला.

पेटीत भरून गावोगाव नेता येईल आणि प्रेक्षकाला आपल्यात ओढून घेईल असे चित्रयंत्र कसे योजावे, हा प्रश्न म्हणजे आजचा नव्हे. त्याचे एक मोलाचे उत्तर सुरत शहरात मिळाले. ते आमच्या वाचकांस सांगावे, असे आम्हांस वाटते.

दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि आपल्या देशातील पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्या, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसाठी लागला व गाजला. त्यानंतर फाळके तो घेऊन सुरतेस गेले. तेथे पहिल्या दिवसाचा गल्ला केवळ तीन रुपये झाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

यंत्रात बिघाड नव्हता. चित्रही तेच होते. पण त्या काळी दोन आण्यांत पाच-सहा तास नाटक पाहावयास मिळे, आणि येथे तीन आणे देऊन दीड तासात घरी जावे लागे. भागीदाराने दर कमी करण्याचा अथवा खेळ लांबविण्याचा आग्रह धरला. फाळक्यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत, अशी ती जाहिरात होती. लोक लोटले.

या जाहिरातीचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. चित्रपटाच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे ५७,००० चित्रांना सुमारे ३,५६० फूट फीत लागते, आणि 'हरिश्चंद्रा'ची लांबी ३,७०० फुटांच्या आसपासच होती. चित्रांचा आकडा असा बरोबर येतो. मैलांचा मात्र येत नाही, कारण ही लांबी पाऊण मैलही भरत नाही! मैलांची अतिशयोक्ती आम्ही उचलून धरीत नाही. परंतु समोरचा मनुष्य कोणत्या मापाने मोल करतो हे फाळक्यांनी ओळखले, आणि तोच सुरतेचा धडा होय. पुढे बैलगाडीवर यंत्र, पडदा व फिती लादून ते खेडोपाडी गेले, तेव्हाही हीच जाण त्यांच्या उपयोगी पडली असेल.

आज जी फिरती प्रदर्शने निघतात त्यांत पडद्याला हात लावताच चित्र बदलते. फूल उमलते, नकाशावरील नदी वाहू लागते. अशी सामग्री योजणाऱ्याने पहिला विचार अंतराचा करावा. साध्या भिंगाच्या प्रोजेक्टरला दहा फूट रुंद चित्रासाठी सुमारे पंधरा फूट मागे ठेवावे लागते. मग चित्राजवळ येणाऱ्या मुलाची सावली चित्रावरच पडते. आखूड अंतराच्या भिंगाने तेच चित्र पाच फुटांवरून पडते. यंत्र वर टांगले की सावलीचा त्रास बराचसा टळतो.

दुसरा विचार उजेडाचा. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते आणि तोच प्रकाश एक चतुर्थांश तेजाने पडतो. म्हणून मोठ्या पडद्याचा मोह आवरावा व मंडपाला काळे कापड लावावे. हात ओळखणारा कॅमेरा बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालतो, आणि हे किरण उन्हातही असतात. तेव्हा ऊन आत आले तर चित्र फिके पडेलच, शिवाय यंत्रही गोंधळेल. प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच मजबूत चौकटीवर घट्ट बसवावे, म्हणजे नव्या गावी पडद्याचे चार कोपरे जुळविले की काम भागते.

तिसरा विचार विजेचा. तीनशे वॉटचे यंत्र चार तास चालविले तर १,२०० वॉट-तास वीज खर्च होते. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर तेवढीच वीज असते. ती पूर्ण उपसता येत नाही आणि इन्व्हर्टरही थोडी खातो. म्हणून दोन बॅटऱ्या हव्यात. शिशाची अशी प्रत्येक बॅटरी सुमारे तीस किलो भरते. ती एकट्या स्वयंसेवकावर सोपवू नये. रस्त्यावरची धूळ यंत्राचा मोठा शत्रू आहे. यासाठी हवेची जाळी रोज झटकावी आणि पेटीला आतून जाड स्पंज लावावा.

एवढे सारे साधले तरी सुरतेचा पहिला दिवस पुन्हा उगवू शकतो. एकच मूल खेळत आहे आणि मागे पन्नास मुले ताटकळत आहेत, असे प्रदर्शन कितीही चतुर असले तरी लोकांस परकेच वाटणार. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या शेजारी गुजराती, हिंदी व ओडिया बोलणारे श्रमिक राहतात. यंत्रमागावर बारा तास उभा राहिलेला मनुष्य रात्री मुलाचा हात धरून मंडपात आला, तर त्याला आपल्या भाषेत कोणी बोलणारा भेटला पाहिजे. खरोलिकेच्या खेळात चित्राबरोबर कथा सांगणारा होता. आजच्या पेटीतही त्याची जागा राखून ठेवावी, आणि चित्र एकाच वेळी चार-पाच हातांना उत्तर देईल असे योजावे.

आमच्या गावांतील शाळांनी व युवक मंडळांनी असे प्रदर्शन बोलाविले, तर यंत्र किती ल्यूमेनचे आहे, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी बरोबर कोण येणार, कोणत्या भाषेत बोलणार आणि मागच्या रांगेतील मुलांची पाळी येणार की नाही, हे विचारावे.