प्रश्न कळला, तर स्वाध्याय अर्धा झाला

परीक्षेची तयारी महिनाभर आधी सुरू करणारे विद्यार्थीही असाइनमेंट, म्हणजेच स्वाध्याय, मात्र शेवटच्या रात्रीवर ढकलतात. मग पाठ्यपुस्तकातील परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून काढले जातात. उत्तर लांबलचक असते, हस्ताक्षर सुवाच्य असते, तरीही गुण बेताचेच पडतात. अभ्यास कमी पडला असे प्रत्येक वेळी नसते. अनेकदा विचारलेला प्रश्न एक आणि लिहिलेले उत्तर दुसरेच, असा प्रकार झालेला असतो.

दूरशिक्षण घेणाऱ्यांना ही चूक अधिक महागात पडते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या (इग्नू) बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला ३० टक्के, तर सत्रांत परीक्षेला ७० टक्के भारांश असतो आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षेत उत्तम गुण मिळाले तरी स्वाध्याय राहिला, तर तो विषय अपूर्णच राहतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याची पदवी आणि तिच्यावर अवलंबून असलेली बढती त्यामुळे लांबणीवर पडू शकते.

क्रियापदाकडे लक्ष हवे

प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द बहुधा शेवटी असतो. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘मूल्यमापन करा’ या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत. उदाहरणार्थ, ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा’ हा प्रश्न घेता येईल. अनेक विद्यार्थी १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात करतात, वि. स. पागे यांच्या पुढाकाराचा उल्लेख करतात, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झालेली त्याची अंमलबजावणी सांगतात आणि ‘अशा प्रकारे ही योजना उपयुक्त ठरली’ असे म्हणून लेखणी खाली ठेवतात. माहिती सारी बरोबर असते. पण तो योजनेचा इतिहास होतो, मूल्यमापन नव्हे.

मूल्यमापन करायचे तर आधी कसोट्या ठरवाव्या लागतात. मागेल त्याला वेळेवर काम मिळाले का? व्यवसाय करातून उभा राहिलेला निधी त्याच कामी लागला का? पाझर तलाव, रस्ते अशी कामे टिकाऊ ठरली का? या तीन कसोट्यांवर पुरावे मांडून स्वतःचा निष्कर्ष काढला, की तीच माहिती उत्तराचे रूप घेते.

शब्दांचे अंदाजपत्रक

इग्नूच्या पदवी स्तरावरील अनेक स्वाध्यायांत ५००, २५० आणि १०० शब्दांची उत्तरे अपेक्षित असतात. ५०० शब्दांच्या उत्तराची वाटणी आधीच करून ठेवावी. प्रस्तावनेला ५०, प्रत्येक कसोटीला १३० आणि समारोपाला ६० शब्द दिले, की हिशेब जुळतो. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य एका ओळीत आधी लिहून पाहावे. ती पाच वाक्ये सलग वाचली असता युक्तिवाद उमगला, तर आराखडा पक्का झाला असे समजावे.

वेळेचे नियोजन मुदतीच्या तारखेपासून मागे मोजत करावे. हाती १५ दिवस असल्यास पहिले दोन प्रश्न समजून घेण्यासाठी, पुढचे पाच वाचन व टिपणांसाठी, एक आराखड्यासाठी आणि चार लेखनासाठी ठेवावेत. उरलेले तीन दिवस फेरवाचन, हस्तलिखित प्रत आणि अचानक येणारी अडचण यांसाठी राखून ठेवावेत. टिपणे काढतानाच पुस्तकाचे नाव व पृष्ठक्रमांक नोंदवला, तर संदर्भसूचीसाठी अखेरच्या घटकेला धावाधाव होत नाही.

उसन्या उत्तरांचा मोह

तयार उत्तरे बाजारात विकत मिळतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत मजकूर लिहून देतात. अशा साधनांनी दिलेले संदर्भ अस्तित्वातच नसण्याचाही धोका असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्‌मयचौर्यविषयक विनियमांतून स्वाध्याय वगळलेले आहेत. म्हणून नक्कल चालते, असा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्याची उत्तरे उतरवल्याचे आढळल्यास स्वाध्याय नाकारला जाईल, अशी सूचना इग्नूच्या स्वाध्यायपुस्तिकांतही असते. शिवाय, परीक्षागृहात ते उसने उत्तर सोबतीला नसते.

स्वाध्याय सादर करण्यापूर्वी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि पोचपावती निकाल लागेपर्यंत जपावी. तपासलेली उत्तरे परत मिळाल्यावर गुणांआधी समासातील शेरे वाचावेत. वर्गात न बसणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक जे सांगू इच्छितात, ते बरेचदा तेवढ्याच जागेत लिहिलेले असते.