मठातला कातारी

देवळाच्या आवारातला पांढरा चाफा मूळचा अमेरिकेतला, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचं 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्याशावरून पडलं. झाडांच्या नावांमागची माणसं शोधायचा मला जुना नाद. त्याच नादात प्लुमिएच्या ग्रंथांची यादी चाळताना अमेरिकेतल्या वनस्पती आणि नेचे यांच्या मध्ये एक भलतंच पुस्तक दिसलं: 'लार द तूर्ने', म्हणजे कातकामाची कला. लिओं, १७०१. चाफा बाजूला राहिला आणि मी लेथच्या मागे लागलो.

वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिएवर पुष्कळ लिहिलं गेलंय. १६८९ पासून कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी, चौदाव्या लुईकडून मिळालेलं राजवनस्पतिज्ञाचं पद, हजारो चित्रं. बेगोनिया, मॅग्नोलिया, फ्यूशिया ही नावं त्याचीच. आपल्या शंकासुराचं 'सीसाल्पिनिया'सुद्धा. १७०४ मध्ये पेरूला निघालेला असताना स्पेनमध्ये कादिझजवळ तो वारला. मला ओढ लागली ती या सगळ्याआधीच्या तुलूझची.

मार्सेयचा हा मुलगा सोळाव्या वर्षी मिनिम पंथात दाखल झाला. मांस, अंडी, दूध कायमचं वर्ज्य असलेला कडक पंथ. तुलूझच्या मठात त्याला गणित शिकायचं होतं आणि शिकवायला होते एमान्युएल मेन्याँ. सूर्यघड्याळं आणि प्रकाशशास्त्र हे मेन्याँचे विषय. त्यांची खोली स्वतःच्या हातांनी बनवलेल्या यंत्रांनी भरलेली असे. १६६० मध्ये खुद्द चौदावा लुई ती बघून गेला. त्याने पॅरिसला बोलावलं, तर मेन्याँनी मठातच राहू द्यावं अशी विनंती केली. गणितासाठी आलेल्या पोराला या माणसाने भिंगं घासायला शिकवलं, उपकरणं करायला शिकवलं आणि लेथवरही उभं केलं. नळी, खुंटी, भिंगाची चौकट हवी तर स्वतःच कातून घ्यायची, अशी ती विद्या होती. दुसरा गुरू लाभला असता तर प्लुमिएचा आणि लाकडाचा संबंध बहुधा आलाच नसता.

तेव्हाचं साधं लेथ पायावर चाले. वर एक लवचीक काठी, खाली पावटी, दोघांना जोडणारी दोरी आणि त्या दोरीचे वेढे मधल्या लाकडाला. पाय दाबला की लाकूड कारागिराकडे फिरतं, पटाशी लागते, ढलप्या उडतात. पाय सोडला की काठी दोरी वर ओढते, लाकूड उलटं फिरतं आणि पटाशी क्षणभर मागे घ्यावी लागते. ही लय पुस्तकातून येत नाही. तरी प्लुमिएने पुस्तक लिहिलं. लाकूड, हस्तिदंत, लोखंड, सोनं-चांदी कसं कातायचं, हत्यारं कशी करायची, लंबगोल आणि पिळाचे आकार कसे काढायचे, हे सगळं त्यात आहे, तेही तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या आकृत्यांसह. मजकूर फ्रेंच आणि लॅटिन, दोन्हींत. फ्रेंच घरच्या वाचकांसाठी, लॅटिन उरलेल्या युरोपसाठी, असं मी समजतो.

युरोपातल्या शहरांत असे धंदे कारागीर संघांच्या हाती होते. वर्षानुवर्षं उमेदवारी केल्यावर मुलाच्या हाती खुबी पडे. त्या उस्तादांना कोत्या मनाचं म्हणायला मी तयार नाही. गुपित हीच त्यांची भाकरी होती. आपल्याकडेही कातारी घराण्यांनी हे ज्ञान बापाकडून मुलाकडेच दिलं. पाळण्याचे खूर, लाटणी, देव्हाऱ्यांचे खांब, भोवरे घरोघरी गेले. कातण्याची रीत घरातच राहिली. प्लुमिएचं पोट लेथवर नव्हतं, म्हणून तो मोकळेपणाने सांगू शकला, असं मला ठामपणे वाटतं. मेन्याँनी जे त्याला फुकट दिलं, तेच त्याने छापून पुढे दिलं. अशी माणसं प्रत्येक धंद्याला हवीत आणि मराठीत तर फारच हवीत.

त्या छापण्याचं फळ लांब उगवलं. रशियाचा झार पीटर स्वतः कातकामाचा वेडा. हर्मिटेज संग्रहालयात त्याच्या हातच्या हस्तिदंती वस्तू आहेत. त्याने प्लुमिएचं पुस्तक रशियनमध्ये उतरवून घेतलं. त्याच्या राजवाड्यातल्या कातशाळेत आंद्रेइ नार्तोव हा मॉस्कोचा कारागीर कामाला होता. हातात धरायची पटाशी यंत्राच्या पकडीत बसवून सरकवायची, अशी लेथं त्याने घडवली. पीटरने त्याला परदेशी धाडलं आणि पॅरिसमध्ये या रशियन कारागिराने ऑर्लेआंच्या ड्यूकला कातकाम शिकवलं. हा ड्यूक तेव्हा बालराजाच्या वतीने अख्खा फ्रान्स चालवत होता. तिथल्या विज्ञान अकादमीचे बिन्यों यांनी पीटरला पत्र लिहून नार्तोवची तोंडभरून स्तुती केली. मठातून निघालेली विद्या रशियाला जाऊन वाढून परत आली होती. नार्तोवचं एक लेथ आजही पॅरिसच्या 'आर्ट ए मेतिए' संग्रहालयात आहे आणि प्लुमिएचं पुस्तक १७४९ मध्ये पॅरिसला पुन्हा छापलं गेलं.