म्हाळसा नेमकी कोणाची?

कर्नाटकातला जोयडा तालुका म्हणजे जुना सुपा तालुका. त्याची हद्द एकीकडे गोव्याला, दुसरीकडे बेळगाव जिल्ह्याला भिडते. या दोन्ही मुलखांत म्हाळसा आहे, पण ती एकच नव्हे.

‘म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको’ हे उत्तर घाटावर बरोबर आहे. गोव्यात म्हार्दोळला मात्र ते चुकतं. तिथली महालसा नारायणी हे विष्णूचं मोहिनीरूप. चार हातांत त्रिशूळ, खड्ग, राक्षसाचं मुंडकं आणि पानपात्र. आणि गळ्यात चक्क जानवं! देवीच्या अंगावर जानवं का, याचं उत्तर त्या विष्णुरूपातच आहे. मूळ देऊळ वेर्ण्याला होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे देवी म्हार्दोळला आली. तिथली जायांची पूजा ज्यांनी पाहिली, त्यांना जाईच्या कळ्यांनी भरलेलं ते देऊळ विसरता येत नाही.

मग दोघींचा काहीच संबंध नाही का? तसं म्हणणंही घाईचं ठरेल. खंडोबाची म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, आणि नेवाशाचं दैवत मोहिनीराज, म्हणजे पुन्हा मोहिनीच. शके १२१२ मध्ये तिथेच सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘श्रीमहालया’ असा जो उल्लेख येतो, तो याच दैवताचा मानतात. परंपराही खंडोबाच्या म्हाळसेत पार्वतीबरोबर मोहिनीचा अंश पाहते. माझ्या मते दोन्ही परंपरांना जोडणारा दुवा शोधायचा तो नेवाशात. दोन्ही देव्या सरसकट एक करून टाकल्या, तर हा दुवाच दिसेनासा होतो.

म्हाळसा फक्त महाराष्ट्राची, हाही गैरसमजच. खंडोबा कर्नाटकात मैलार होतो, तशी म्हाळसा तिकडे गंगी माळव्वा होते. सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, त्या यात्रेला कर्नाटकातूनही भाविक येतात.

‘जय मल्हार’ मालिकेमुळे हे नाव घरोघरी गेलं, हे खरं. पण मालिका २०१४ची, नाव त्याच्या कितीतरी आधीचं. जिजाऊंच्या आईचं नाव म्हाळसाबाई होतं. पुरुषांनीही हे नाव आपल्या नावात मिरवलं: शिर्डीच्या खंडोबा मंदिरातले, साईबाबांचे निकटचे भक्त म्हणजे म्हाळसापती.